व्हॅक्यूम टिकला म्हणजे लीक नाही, असं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घरी आर ३२ गॅसवाला नवीन स्प्लिट एसी बसवला, मेकॅनिकने पाइप जोडून व्हॅक्यूम पंप १५ मिनिटं चालवला, गेजचा काटा मायनस ३० वर (पाऱ्याचे इंच) गेला, पाच मिनिटं थांबून बघितलं तर काटा हलला नाही, मग "लीक नाहीये" म्हणून गॅस सोडून तो मोकळा झाला. नायट्रोजन टेस्टचं (पाइपात दाबाने नायट्रोजन भरून लीक बघायची, म्हणजेच प्रेशर टेस्ट) विचारलं तर म्हणाला ते मोठ्या प्लांटला लागतं, घरच्या एसीला नाही. तर हे बरोबर झालं का, आणि खरी पद्धत काय.

पंप लावला हे तरी बरं केलं. अजूनही कितीतरी ठिकाणी आउटडोरचा वाल्व किंचित उघडून, गॅसच्या धक्क्याने पाइपमधली हवा बाहेर ढकलून "एअर काढली" म्हणतात, त्याच्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं. पण लीक नाही असं त्याने ज्या गोष्टीवरून ठरवलं त्यावरून ते ठरत नाही, आणि व्हॅक्यूम झाला असं ज्या गेजवरून ठरवलं त्या गेजला ते दिसतच नाही. दोन वेगळी कामं आहेत ही. प्रेशर टेस्ट सांगते की गॅस बाहेर जाईल का. व्हॅक्यूम आतली हवा आणि ओल काढतो. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

आधी लीकचं बघू. व्हॅक्यूममध्ये पाइपच्या आत जवळजवळ शून्य आणि बाहेर हवेचा दाब, म्हणजे फरक फक्त १४.७ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप), कितीही भारी पंप आणला तरी याच्यापेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. आता आर ३२ चं बघा, एसी बंद असताना आतबाहेर सगळं ४० डिग्रीला तापलेलं असेल तर पाइपात साधारण ३४५ पीएसआय उभं असतं. आर ४१०ए या दुसऱ्या एसी गॅसचं पण तेवढंच, दहाएक पीएसआय कमी धरा. म्हणजे वीस पटीपेक्षा जास्त जोर, आणि तोही उलट्या दिशेने! व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा जॉइंटला आत दाबते, गॅस भरल्यावर आतला दाब त्याच जॉइंटला बाहेर ढकलतो. फ्लेअरला (नटाखाली बसवायला फाकवलेलं पाइपचं तोंड) केसासारखी चीर असेल आणि तिच्यावर ऑइलचा पातळ थर बसला असेल तर व्हॅक्यूमला ती आरामात पास होते.

माझ्या बाबतीत हे झालेलं आहे म्हणून इतकं ठासून सांगतोय. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला) नवीन घेतलं होतं तेव्हाची गोष्ट, एका घरी ३०० मायक्रॉनपर्यंत खाली नेलं, पंप बंद करून अर्धा तास ठेवलं, ३८० च्या वर गेलं नाही, मी खूश. नायट्रोजनचा सिलेंडर त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर चढवायचा कंटाळा केला होता. दीड महिन्याने फोन, कूलिंग नाही. गेलो तर इनडोरच्या मोठ्या नटाच्या आत फ्लेअरला चीर, नटाखाली तेलकट डाग आणि गॅस जवळजवळ संपलेला. त्या दिवसापासून सिलेंडर चढवतो, गुडघे दुखले तरी.

बरेच जण म्हणतात चालू एसीमध्ये साबण लावून बघितलं, फेस नाही आला. आता यात एक गंमत आहे. घरच्या बहुतेक स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्सपान्शन वाल्व (गॅसचं प्रेशर पाडणारा भाग) आउटडोरमध्येच असतो, त्यामुळे कूलिंगला चालू असताना दोन्ही पाइपांत कमीच प्रेशर असतं, शंभर-दीडशे पीएसआयच्या आसपास. एसी बंद केला की प्रेशर वर चढतं. म्हणजे इनडोरचा जॉइंट एसी चालू असताना कमी आणि बंद असताना जास्त लीक होतो. साबण लावून बघायचं असेल तर एसी बंद करून, अर्धा तास जाऊ देऊन बघा.

आता लीक होतं कुठे. घरच्या इन्स्टॉलेशनमध्ये कारखान्यात झालेलं ब्रेझिंग (आचेने धातू वितळवून केलेला जोड) क्वचित फुटतं, लीक असतो तो आपण केलेल्या चार फ्लेअरमध्ये, दोन इनडोरला दोन आउटडोरला. त्यामुळे टेस्टची खरी तयारी फ्लेअर करतानाच होते. पाइप कटरनेच कापायचा, हॅक्सॉने नाही. कापल्यावर आतला बर (कापताना उरलेली धारदार कड) रीमरने काढायचा, आणि काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं म्हणजे कीस आत जात नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि उंचावर शिडीवर उभं असताना कोणीच करत नाही. नट आधी पाइपात घालायचा, हे लिहायची गरज नाही असं वाटतं, पण घाला. फ्लेअरचं टूल आर ४१०ए आणि आर ३२ साठीचं पाहिजे, जुन्या टूलने करणार असाल तर पाइप डायच्या (टूलमध्ये पाइप धरणारा साचा) वर थोडा जास्त ठेवावा लागतो. फ्लेअर झाल्यावर बोटाने नाही, उजेडात धरून डोळ्याने बघा, आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत पाहिजे, कडा सगळीकडून सारखी, कुठे चीर नाही, ओरखडा नाही. शंका आली तर कापून परत करा, दोन इंच पाइप गेला तर काही बिघडत नाही. फ्लेअरच्या तोंडाला त्या गॅसला चालणाऱ्या ऑइलचा एक थेंब फिरवायचा, आट्यांना नाही. नट आधी हाताने जितका जाईल तितका फिरवायचा, हाताने तीन-चार आटे सहज गेले नाहीत तर सेंटर चुकलंय, पान्याने ओढून ते सरळ होत नाही, चेपतं.

आणि टॉर्क. पाव इंचीला म्हणजे दोन सुती पाइपला साधारण १५ ते १८ न्यूटन मीटर, तीन सुतीला ३५ ते ४०, चार सुतीला ५० ते ६०, कंपनीच्या पुस्तकात जे आकडे असतील तेच खरे. टॉर्क पाना नसेल तर माणूस हाताच्या अंदाजाने आवळतो आणि आपल्याकडे अंदाज म्हणजे "अजून जरा". छोट्या नटाला जास्त आवळून फ्लेअर कापला जातो आणि मोठ्या नटाला कमी आवळलं जातं, मी बघितलेल्या लीकमध्ये हे दोन प्रकार सगळ्यात जास्त. दोन पाने वापरा, एक धरायला एक फिरवायला, नाहीतर इनडोरचा पाइप आतल्या आत पिळला जातो आणि मग लीक अशा जागी होतो की रडू येतं.

फ्लेअर झाले, पाइप जोडले, आउटडोरचे दोन्ही वाल्व अजून बंदच. कंपनीचा गॅस आउटडोरमध्ये अडकलेला आहे, आपण टेस्ट करतोय ते फक्त पाइप आणि इनडोरचा कॉइल. मोठ्या पाइपच्या वाल्वला जो पिनवाला सर्व्हिस पोर्ट असतो तिथून नायट्रोजन द्यायचा. ड्राय नायट्रोजनच. ऑक्सिजन कधीच नाही, अगदी थोडा वेळ पण नाही, ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, यात माणसं गेलेली आहेत. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर लावून टेस्ट करणारे पण बघितलेत, त्या हवेबरोबर पाणी आत जातं, म्हणजे जे पुढे काढायचंय तेच आपण स्वतः भरतोय. भरलेल्या नायट्रोजन सिलेंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास प्रेशर असतं, म्हणजे दोन हजार पीएसआयच्या वर. रेग्युलेटरशिवाय तो कशालाही जोडायचा नाही, आणि सिलेंडर उभा, बांधून ठेवायचा.

किती प्रेशर द्यायचं तर आधी आउटडोर आणि इनडोर दोन्हीच्या प्लेटवर काय लिहिलंय ते वाचा, जास्तीत जास्त प्रेशर तिथे दिलेलं असतं, हाय साइडचं वेगळं लो साइडचं वेगळं असेल तर ज्या भागाला नायट्रोजन देताय त्या भागाचा आकडा धरा, त्याच्या वर जायचं नाही. प्लेट परवानगी देत असेल तर मी आर ३२ आणि आर ४१०ए ला ४०० ते ४५० च्या आसपास ठेवतो, कारण उन्हाळ्यात बंद एसीत जे ३४०-३४५ येणार आहे त्याच्या वर टेस्ट झाली पाहिजे एवढं साधं गणित आहे. दीडशेला टेस्ट करून "होल्ड झालं" म्हणणं हे मनाचं समाधान. जुन्या आर २२ ला दीडशे-दोनशे चालायचं कारण ४० डिग्रीला त्याचं प्रेशरच २०८ च्या आसपास, सवय तिथून लागली आणि गॅस बदलला तरी गेली नाही.

एकदम चारशे मारायचं नाही. आधी ५०-७० पीएसआय द्या आणि कान लावा, नट राहिला असेल तर तिथेच सुसू ऐकू येईल. मग दोनशे, पाच मिनिटं थांबा, मग वर. प्रेशर वाढवताना फ्लेअरच्या समोर तोंड नेऊन बघायचं नाही. वर पोचल्यावर सिलेंडर बंद करून होज वेगळी करा म्हणजे सिलेंडर हळूहळू भरपाई करत बसणार नाही, नाहीतर लीक असून काटा हलत नाही. दहा मिनिटं थांबा कारण नायट्रोजन आत भरल्यावर त्याचं तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत काटा थोडा सरकतोच. मग प्रेशर आणि त्यावेळचं तापमान दोन्ही लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

तापमान का लिहायचं, तर बंद पाइपातला गॅस थंड झाला की प्रेशर उतरतं, लीक नसला तरी. ४०० पीएसआय दुपारी ३८ डिग्रीला लावलं आणि संध्याकाळी ३० डिग्रीला बघितलं तर दहा-अकरा पीएसआय कमी दिसणारच, साधारण एका डिग्रीला सव्वा-दीड पीएसआय. सुरुवातीच्या काळात मी एकदा अशाच उतरलेल्या काट्यामागे दोन तास साबण फासत फिरलो, चारही नट परत आवळले (आणि त्यात एक बिघडवला), दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर काटा आपोआप जाग्यावर. मालक गॅलरीतून बघत होते, काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

साधा घरचा एसी, पाच-सात मीटर पाइप, तर अर्धा तास ते तासभर होल्ड पुरतो, पण त्या वेळात नुसतं काट्याकडे बघत बसू नका. डायल गेजवर चारशेमध्ये एक-दोन पीएसआयचा फरक दिसत नाही, म्हणून साबण पाहिजेच. लीक शोधायचं तयार लिक्विड मिळतं ते उत्तम, ते चिकटून राहतं, नाहीतर घट्ट साबणपाणी. अमोनिया किंवा ब्लीच असलेलं काही वापरू नका, पितळी नटाला ते खातं आणि काही महिन्यांनी नट तडकतो. लावल्यावर लगेच निघून जायचं नाही, मोठा लीक फुगे काढतो पण बारीक लीक तीन-चार मिनिटांनी मुंगीच्या अंड्यांसारखा पांढरा फेस जमवतो, टॉर्च मारून नटाच्या मागच्या बाजूला आणि पाइप नटात शिरतो तिथे बघा. सर्व्हिस वाल्वच्या टोप्या आणि पिन पण तपासा. आणि हे सगळं होईपर्यंत जॉइंटवर इन्सुलेशन आणि टेप गुंडाळायची नाही, आधी टेप मारून मग टेस्ट करणारे पण आहेत, त्यांना काय दिसणार देव जाणे.

पाइप वाढवताना ब्रेझिंग करावं लागलं असेल तर त्या वेळी आतून नायट्रोजनचा हलका प्रवाह चालू ठेवा, गालावर झुळूक लागेल इतकाच, नाहीतर आत काळी खपली धरते आणि ती सुटून कॅपिलरी किंवा वाल्वमध्ये जाऊन बसते. घरच्या कामात शक्यतो मध्ये जॉइंट करूच नये, अखंड पाइप घ्यावा.

टेस्ट पास झाली, नायट्रोजन हळू सोडून दिला (खोली बंद असेल तर खिडकी उघडा, नायट्रोजनला वास नाही आणि तो ऑक्सिजनची जागा घेतो), आता व्हॅक्यूम.

हवा आत राहिली तर ती कंडेन्सरमध्ये (आउटडोरचा कॉइल) अडकून बसते, गॅससारखी तिची पातळ द्रव होत नाही, त्यामुळे प्रेशर आणि करंट वाढतो, कूलिंग कमी, बिल जास्त. हे दिसतं तरी. ओल दिसत नाही. या नवीन गॅसबरोबर कॉम्प्रेसरमध्ये जे सिंथेटिक ऑइल असतं ते ओल स्पंजासारखं ओढतं, आणि पाणी, उष्णता, ऑइल मिळून हळूहळू ॲसिड बनतं, ते मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं. जुन्या मिनरल ऑइलला हे इतकं नव्हतं म्हणून आर २२ च्या काळातल्या सवयी चालून गेल्या. वॉरंटीत कॉम्प्रेसर दोन-तीन वर्षांत जातो तेव्हा "पीस खराब होता" म्हणतात, कोणी पाइपातल्या ओलीचं नाव घेत नाही.

आता तुमच्या मेकॅनिकचा मायनस ३०. मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर पाऱ्याचा हजारावा भाग, हवेचा पूर्ण दाब म्हणजे ७,६०,००० मायक्रॉन. आपल्याला जायचंय ५०० च्या खाली. मॅनिफोल्डच्या (मेकॅनिककडचा नेहमीचा काट्यांचा गेज सेट) गेजवर एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन, म्हणजे काट्याच्या जाडीतच हजारो मायक्रॉन लपतात, ५०० आणि ५००० मध्ये त्या गेजला काहीही फरक कळत नाही. २५ डिग्रीचं पाणी उकळायला लागतं २३,८०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे गेज २९ इंच दाखवेपर्यंत आतल्या पाण्याने उकळायला सुरुवात पण केलेली नसते! वजन करायचा ट्रकचा काटा घेऊन सोनं मोजल्यासारखं आहे ते. आणि पाच मिनिटं काटा हलला नाही याचा अर्थ फक्त भोक मोठं नाही इतकाच.

पाणी किती त्रास देतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, एक ग्रॅम पाणी म्हणजे वीसेक थेंब, त्याची १००० मायक्रॉनला वाफ होते तेव्हा ती जवळजवळ हजार लिटर जागा घेते. तेवढी वाफ पंपाने त्या बारीक होजमधून ओढायची आहे. म्हणून "१५ मिनिटं" याला काही अर्थ नाही. कोरड्या, टोप्या लावून ठेवलेल्या पाइपला चांगल्या सेटिंगने १५ मिनिटं कदाचित पुरतील, पावसात उघडा पडलेल्या पाइपला तीन तास कमी पडतील. घड्याळ बघून व्हॅक्यूम होत नाही, मायक्रॉन गेज बघून होतो.

सेटिंग म्हणजे काय तर, एक, मॅनिफोल्ड मध्ये घालूच नका, त्याचे चार-पाच जॉइंट आणि बारीक रस्ते फुकटचे. पंपापासून पोर्टपर्यंत एकच होज, जाड, शक्यतो तीन सुती, आखूड. दोन सुती होजच्या तुलनेत तीन-चार पट सहज ओढते. दुसरं, पोर्टमधली पिन काढायचं टूल मिळतं, वाल्व असलेलं, त्याने पिन बाहेर घ्या, पिन आत असेल तर तुम्ही सुईच्या भोकातून हवा ओढताय. काम झाल्यावर त्याच टूलने पिन परत बसवता येते. आर ३२ आणि आर ४१०ए च्या पोर्टचा आटा जुन्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे टूल आणि ॲडाप्टर त्या साइजचंच घ्या, ॲडाप्टरवर ॲडाप्टर लावत गेलं की प्रत्येक रबर लीक होतं. तिसरं, मायक्रॉन गेज पंपावर लावायचं नाही, सिस्टीमकडे, पिनच्या टूलच्या बाजूच्या तोंडावर, उभं. पंपावर लावलं तर पंप किती छान आहे ते कळतं, पाइपात काय आहे ते नाही. चौथं, पंपाचं ऑइल. दुधासारखं पांढरं झालं असेल तर त्यात पाणी आहे, तो पंप खाली जाणारच नाही. पंप एकटा गेजला लावून बघा, १०० मायक्रॉनच्या खाली गेला नाही तर आधी ऑइल बदला, पंप गरम असतानाच. गॅस बॅलास्टचा (पंपाच्या ऑइलमध्ये ओल जमू न देणारा) स्क्रू असेल तर सुरुवातीची काही मिनिटं उघडा ठेवा, मग बंद.

पंप चालू केला की आकडा आधी धडाधड पडतो आणि मग कुठेतरी रेंगाळतो. घरच्या स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसर आणि त्याचं ऑइल बंद वाल्वच्या पलीकडे असतं, आपल्या वाट्याला फक्त कोरडे पाइप आणि इनडोर कॉइल, त्यामुळे सगळं नीट असेल तर वीसेक मिनिटांत ३०० च्या आसपास यायला हरकत नाही. तासभर झाला आणि अजून दीड हजारावर असेल तर नुसतं वाट बघून काही होणार नाही, काहीतरी चुकलंय. बहुतेक वेळा होजचं रबर किंवा कुठलातरी ॲडाप्टर. माझं स्वतःचं एकदा पाऊण दिवस गेलंय, सिस्टीम निर्दोष, लीक माझ्याच होजच्या टोकाच्या वॉशरमध्ये.

३०० च्या आसपास आलं की टूलचा वाल्व बंद करून सिस्टीम पंपापासून तोडा, मग पंप बंद करा. हाच क्रम. आधी पंप बंद केला तर काही पंपांचं ऑइल उलटं होजमध्ये ओढलं जातं. आता गेजकडे बघा, पहिल्या मिनिटात शंभर-दीडशेने उडी मारेल, घाबरायचं नाही, ते आत समान होतंय. त्यानंतर १० ते १५ मिनिटं काय होतं तेच खरं उत्तर. ५०० च्या आत थांबलं, तर झालं. हजार-दोन हजारापर्यंत चढून तिथेच हळू होऊन थांबलं, तर आत ओल आहे, पाण्याची वाफ होऊन ती जागा भरतेय. थांबतच नाही, एकाच चालीने वर वर जातंय, तर लीक, पण मग आधी तुमचं टूल आणि गेजचा जॉइंट तपासा कारण नायट्रोजनला सिस्टीम पास झालेली आहे. बघा, प्रेशर टेस्ट आधी केली असेल तर इथे डोकं किती कमी चालवावं लागतं.

ओल निघाली तर पंप परत नुसता चालवण्यापेक्षा ड्राय नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडा, शून्याच्या जरा वर येऊ द्या, पाच-दहा मिनिटं ठेवा, सोडा आणि परत ओढा. कोरडा नायट्रोजन ओल सोबत घेऊन निघतो. दोन-तीनदा केलं की आकडा सुधारतो. पाइपात खरंच पाणी साचलं असेल तर मोठ्या पंपाने घाईत ओढल्यावर ते आतल्या आत गोठतं, ४,५८० मायक्रॉनच्या खाली पाणी पाणी राहतच नाही, बर्फ होतं, आणि बर्फाची वाफ व्हायला फार वेळ. गेज तेवढ्यापुरतं फसवतं पण. अशा वेळी आधी नायट्रोजनने फुंकून पाणी बाहेर काढा, पाइप जरा ऊब देऊन गरम करा, आच नाही.

व्हॅक्यूममध्ये असताना कॉम्प्रेसर चालू करायचा नाही, चुकून रिमोट दाबला जातो म्हणून मी मेन स्विचच बंद ठेवतो. विरळ हवेत टर्मिनलमध्ये ठिणगी पडते आणि मोटर जळते.

सगळं पास झालं की छोट्या पाइपचा वाल्व एलन कीने थोडासा उघडा, चार-पाच सेकंद, आत गॅसचं प्रेशर शून्याच्या वर आलं की पिन परत बसवून टूल काढा, मग दोन्ही वाल्व पूर्ण उघडा. टूल व्हॅक्यूममध्येच काढलं तर जी हवा तासभर काढली ती एका सेकंदात परत आत. टोप्या टॉर्कने आवळा, टोपी ही पण सील आहे, धूळ झाकायला दिलेली नाही. आणि कंपनीने ठराविक मीटरपर्यंतचाच गॅस भरलेला असतो, पाइप त्याहून लांब असेल तर पुस्तकात दिलेले मीटरमागे ग्रॅम वजन काट्यावर मोजून घाला.

गॅसने हवा ढकलायच्या पद्धतीबद्दल परत एकदा, कारण आर ३२ पेट घेऊ शकतो, हळू पेटतो पण पेटतो, खोलीत तो सोडणं बरोबर नाही. आणि हवेबद्दल जी बेफिकिरी असते ती पुढे एसी काढताना जिवावर येते. पंप डाउन करताना, म्हणजे पाइपातला गॅस आउटडोरमध्ये परत ओढून घेताना, छोटा वाल्व बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवतात, त्याच वेळी नट सैल असेल किंवा कोणी घाईत पाइप सोडला तर कॉम्प्रेसर हवा ओढतो, आत हवा आणि ऑइलचा धुरळा दाबला जाऊन डिझेल इंजिनसारखा पेटतो आणि कॉम्प्रेसर फुटतो. पाइप सोडायच्या आधी कॉम्प्रेसर बंद, हे शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

आता तुमच्या एसीचं काय. गॅस सोडून झालाय, त्यामुळे वाल्व उघडे असताना व्हॅक्यूम किंवा नायट्रोजन लावता येणार नाही. कूलिंग नीट असेल तर उगाच उकलू नका. एसी दुपारी तासभर बंद ठेवून चारही नटांवरचं इन्सुलेशन मागे सरकवा, साबण लावा, पाच मिनिटं टॉर्च मारून बघा, सर्व्हिस पोर्टची टोपी काढून पिनवर पण एक थेंब टाका. आर ३२ ओळखणारं इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर कोणाकडे असेल तर अजून चांगलं. महिन्याभराने परत एकदा बघा, नटाभोवती तेलकट ओल दिसली किंवा इनडोर कॉइलवर एका बाजूलाच बर्फ धरायला लागला तर गॅस जातोय. तसं निघालं तर वरून गॅस टॉप अप करून घेऊ नका, गॅस रिकव्हरी मशीनने काढून घेऊन (लीक असताना पंप डाउन नको, कॉम्प्रेसर हवा ओढेल), तो फ्लेअर कापून नवीन करून, नायट्रोजन आणि मग व्हॅक्यूम असं सगळं क्रमाने करून घ्या, आणि शेवटी प्लेटवरच्या वजनाने गॅस भरायला सांगा. येणाऱ्या माणसाला फोनवरच विचारा, मायक्रॉन गेज आहे का. "ते काय असतं" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.